स्लॅबवर चढलेली कौलं

वादळानं आमच्या घराची कौलं उडवली, तेव्हा गावातल्या बऱ्याच घरांनी एकच ठरवलं, की आता स्लॅबच घालायचा. आमचं गाव माणगावपासून खाडीच्या अंगाला. भात, थोडी वाल-पावट्याची शेती आणि घरटी एखादा माणूस मुंबईला किंवा कंपनीत. आमच्या घरातले कंपनीतले म्हणजे माझे धाकटे दीर. ते पनवेलला राहतात. माझा नवरा माणगावच्या बाजारात धान्याच्या दुकानात कामाला. दोघा भावांनी मिळून जुन्या जोत्यावर नवं घर बांधलं. सरकत्या काचांच्या खिडक्या, गुळगुळीत लादी, वर गच्ची. वादळातून वाचलेली कौलं सासूबाईंनी मागच्या फणसाखाली रचून ठेवली. कुणी भंगारात द्या म्हणालं, तर त्या द्यायला तयार नव्हत्या.

मी घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. मशीन मधल्या खोलीत खिडकीशी. त्यामुळे नव्या घराचा पहिला उन्हाळा घरात सगळ्यात जास्त कुणी सोसला असेल तर मी आणि माझ्या सासऱ्यांनी. बाकीच्यांना सकाळी बाहेर पडून संध्याकाळी यायचं असे. संध्याकाळी ऊन उतरायचं, वारा सुटायचा, पण घरात शिरलं की वरून झळ यायची. स्लॅब दिवसभर प्यायलेलं ऊन जेवणं होईपर्यंत आमच्या डोक्यावर ओतत राहायचा. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, गावच्या खालूबाजाच्या ताफ्यात सनई वाजवायचे. ढोल, टिमकी, झांज वाजवणारे पुष्कळ असतात, पण सनईवाला पंचक्रोशीत एखादाच. लग्न असो, पालखी असो, आधी बाबांना विचारून तारीख धरायची अशी पद्धत होती. गालात हवा धरून ठेवायची आणि नाकानं श्वास घेत राहायचं, म्हणजे सूर तुटत नाही, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच शिमग्यात समजावून सांगितलं होतं. मी करून पाहिलं आणि ठसका लागून खाली बसले. ते खूप हसले होते.

बाबांना उकाडा सोसवत नाही हे कळल्यावर दिरांनी त्यांच्या खोलीत एसी बसवून दिला. वाडीतला पहिला एसी. बघायला माणसं आली, सासूबाईंनी सगळ्यांना चहा केला. त्या दिवशी बाबा नवा सदरा घालून खोलीत बसून होते आणि येणाऱ्याला म्हणत होते, "बस की. गार हाय." मलाही बरं वाटलं. मी त्या खोलीला जाड पडदे शिवले, दाराखालच्या फटीत ठेवायला कापडाची लांब गुंडाळी करून दिली, म्हणजे गारवा बाहेर जायला नको.

पावसाळा आला आणि बाबा खोकायला लागले. आधी वाटलं, हवा बदलली. मग वाटलं, वय झालं. भाद्रपद गेला, भात कापून झालं, तरी खोकला जाईना. सकाळी उठले की छातीत शिट्टी वाजायची. बाबांनी जन्मात विडी ओढलेली नाही, तंबाखूला हात लावलेला नाही. वाजवणाऱ्याला छाती सांभाळावी लागते म्हणायचे.

तुळशीची लग्नं झाल्यावर शेजारच्या गावात एक लग्न होतं. वरात निघाली. मी बायकांमध्ये मागे होते. सनई चालू होती आणि मधेच तुटली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा तुटली. मग नुसता ढोल वाजत राहिला. मी पुढे गेले तर बाबा एका बांधावर बसलेले, सनई मांडीवर, आणि टिमकीवाला त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. घरी आल्यावर त्यांनी सनई धुतल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि कपाटावर ठेवली.

"झालं आता," एवढंच म्हणाले.

माणगावच्या डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला, ओढायचा पंप दिला. पंपानं आराम पडायचा, पण बाबांना तो खिशात घेऊन फिरायची लाज वाटायची. दुसऱ्या खेपेला मी सोबत गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, बाबांना त्रास कधी जास्त होतो, कधी कमी. बाबा म्हणाले, सारखाच. मी म्हटलं, सारखा नाही. सकाळी उठल्या उठल्या जास्त असतो. अंगणात जाऊन बसले, खळ्यावर गेले, की जेवायच्या वेळेपर्यंत कमी होतो. दुपारी खोलीत झोपून उठले की पुन्हा वाढतो. हे मी मशीनवर बसून रोज ऐकत होते; कापडाच्या दोन शिलायांच्या मधे मला तो खोकलाच ऐकू यायचा.

डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, "मग औषधाइतकीच त्या खोलीकडे बघा. काय जळतंय, कुठे ओल आहे, हवा कुठून येते."

बसमध्ये मी तेच डोक्यात घोळवत आले. हवा कुठून येते? जुन्या घरात असा प्रश्न कधी पडलाच नव्हता. कौलांच्या फटींतून हवा यायची, कुडातून यायची, आणि तिच्याबरोबर धूळ, उंदीर, पावसाचे शिंतोडे पण यायचे. म्हणून तर आम्ही नवं घर बांधलं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी उदबत्ती पेटवून एकेका खोलीत गेले. मधल्या खोलीत धूर खिडकीकडे वळत होता. स्वयंपाकघरात तो इकडे तिकडे घुटमळून मागच्या दारानं जात होता. बाबांच्या खोलीत एसी लावून उभी राहिले, तर धूर वर गेला, छताला लागला आणि खाली आला. पुन्हा वर गेला. तिथेच फिरत राहिला. मी उदबत्ती विझवून बाहेर आले आणि बऱ्याच वेळानं आत गेले, तरी वास तसाच. मला वाटायचं एसी बाहेरची हवा गार करून आत सोडतो. तो आतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करत होता.

आणि त्याच बंद खोलीत सासूबाई रोज रात्री खाटेखाली डासांची कॉइल लावायच्या.

मग मी कपाट ओढलं. जड होतं, एका बाजूनं थोडं थोडं सरकवत आणलं. मागची भिंत काळी. तळहाताएवढे डाग, एकमेकांत मिसळलेले, कुबट वास. गच्चीला पडलेल्या चिरांतून पावसाळ्यात पाणी मुरत होतं आणि कपाटाच्या आड भिंतीला कधी वारा लागलाच नव्हता. एसीच्या तोंडाची जाळी उघडली तर तिच्यावर राखाडी लोकर विणल्यासारखी धूळ. भरीत भर म्हणून त्याच खोलीच्या खिडकीबाहेर आंघोळीचं पाणी तापवायची चूल होती, तिचा धूर सकाळी काचेच्या फटीतून आत.

मी हे सगळं घरात सांगितलं, आणि तिथून खरी कसोटी लागली.

सासूबाईंना ते लागलं. भिंतीला बुरशी आहे म्हणजे मी त्यांच्या घराला अस्वच्छ म्हणतेय असा त्यांनी अर्थ घेतला. "रोज दोनदा लादी पुसते मी," त्या म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. नवरा ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, पण भावानं दिलेल्या वस्तूबद्दल भावाला कसं बोलायचं, हे त्याला कळेना. शेवटी मीच दिरांना फोन केला. म्हटलं, भावोजी, खोलीला वरच्या अंगाला झरोके पाडायला हवेत आणि स्लॅबवर सावली हवी; मागे कौलं पडलीच आहेत, ती चढवू.

दीर म्हणाले, "वहिनी, एसी लावलेल्या खोलीला कुणी भोकं पाडतं का? आणि स्लॅबवर कौलं घातली तर गाव हसेल आपल्याला."

त्यांचंही खोटं नव्हतं. गाव हसणारच होतं.

मग मी माझ्या हातात होतं तेवढं केलं. माणगावहून बारीक जाळीचं कापड आणलं आणि घरातल्या सगळ्या खिडक्यांची मापं घेतली. चौकटीला चिकटपट्टी लावून काढता-घालता येतील अशा जाळ्या शिवल्या. हे माझं काम होतं, त्यात मला कुणाला विचारायला नको होतं. जाळ्या लागल्यावर खिडक्या रात्री उघड्या ठेवता आल्या, आणि कॉइलची गरज संपली. सासूबाई पहिल्या रात्री तरीही कॉइल घेऊन उभ्या. बाबाच म्हणाले, आज नको लावू, बघू. सकाळी एकही डास चावला नव्हता. सासूबाईंनी पाकीट देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिलं, फेकलं नाही.

भिंत मी आणि नवऱ्यानं रविवारी घासली, चांगली सुकू दिली, चुन्याचा हात दिला. एसीची जाळी धुतली. पाण्याची चूल सासूबाईंनी आपणहून हलवली, गोठ्याच्या पलीकडे. मी सरपणाची मोळी उचलून तिकडे नेऊन ठेवली.

खोकला कमी झाला. गेला नाही, पण कमी झाला. बाबा रात्री सलग झोपू लागले. मात्र उन्हाळा आला तसा स्लॅब पुन्हा तापला, खिडक्या उघड्या ठेवून भागेना, एसी लावायचा तर खिडक्या बंद करायच्या, आणि बंद केल्या की आठवड्याभरात छातीतली शिट्टी परत. पावसाळ्यात भिंतीवरच्या चुन्यातून पुन्हा ओल वर आली. अर्ध्या वाटेवर येऊन अडकल्यासारखं झालं होतं.

वाट मोकळी झाली ती गणपतीत. दीर कुटुंबासकट आले. घरात पाहुणे भरलेले, म्हणून बाबा ओटीवर झोपले आणि आपली खोली त्यांनी धाकट्याला दिली. माझ्या जावेला डासांचा धसका. तिनं पिशवीतून आणलेली कॉइल लावली, खिडक्या ओढून घेतल्या, एसी सुरू केला, दाराखाली मी शिवलेली ती गुंडाळी सारली.

सकाळी दीर डोकं धरून बाहेर आले. डोळे लाल. जाऊ शिंकत होती. मी आरतीची तयारी करत होते. दिरांनी अंगणात खुर्ची घेतली, दोनदा खोकले, चहा घेतला, आणि बराच वेळ बाबांकडे बघत राहिले. बाबा जास्वंद तोडत होते. मग दीर उठून माझ्याजवळ आले.

"वहिनी," ते म्हणाले, "ती भोकं कुठं पाडायची म्हणाला होतात?"

मला हसू आवरेना. तेही हसले. त्यानंतर मात्र त्यांनी एकही गोष्ट अर्धवट ठेवली नाही. त्यांच्या कंपनीत पत्र्याच्या शेडची कामं करणारा एक माणूस होता, त्याला घेऊन आले. गच्चीची मापं झाली. चिरा भरून घ्यायच्या, वर लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर कौलं, आणि कौलं नि स्लॅब यांच्यामध्ये माणूस वाकून फिरेल एवढी जागा मोकळी, चारी बाजूंनी वारा जाईल अशी. वादळाची भीती होती, म्हणून प्रत्येक ओळ तारेनं बांधायची. प्रत्येक खोलीला स्लॅबच्या खाली, भिंतीच्या वरच्या टोकाला, जाळी बसवलेले झरोके. स्वयंपाकघरात धूर बाहेर फेकणारा पंखा.

भात झोडून झालं आणि काम सुरू झालं. फणसाखालची कौलं एकेक करून निघाली. सासूबाई नारळाच्या काथ्यानं ती घासायच्या, शेवाळ काढायच्या, आणि गवंड्याला ओरडून सांगायच्या की फेकू नका, हातात द्या. ज्या कौलांना भंगारात जाऊ दिलं नव्हतं ती परत डोक्यावर चढताना बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी याआधी फक्त भरल्या कणगीकडे बघताना पाहिलं होतं. माझ्यावरचा त्यांचा राग त्या आठवड्यातच कधीतरी गेला. गेल्याचं मला कळलं ते असं, की शेजारीण हसत म्हणाली, "काय गो, स्लॅबला टोपी घालताय व्हय?" आणि मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सुनेनं शिवलेली टोपी हाय ती."

कमी पडलेली कौलं लोकांनी आणून दिली. वादळानंतर प्रत्येकाच्या मागच्या दारी अशी रास होतीच. तांबडी, काळपट, फिकट, अशी सगळ्या वाडीची कौलं आमच्या घरावर एकत्र आली.

थंडीत फरक फारसा कळला नाही. तो कळला माघ संपता संपता. बाबांचा पंप एक दिवस मला देव्हाऱ्याशेजारी दिसला, धूळ बसलेला. मी विचारलं तर म्हणाले, लागत नाही हल्ली, पण डॉक्टरला विचारून बंद करू. आम्ही विचारलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, पुन्हा ऐकली, आणि बाबांना म्हणाले, रोज नको, जवळ असू द्या.

त्यानंतर एका दुपारी मी गणवेश शिवत होते. बाबांच्या खोलीतून एक बारीक, फाटका आवाज आला. वासरू हंबरावं तसा. थांबला. पुन्हा आला, थोडा लांब. मी मशीनवरचा पाय थांबवला. सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आत गेलो नाही. त्या दिवसापासून रोज दुपारी थोडा थोडा सूर वाढत गेला. बाबांनी सनईची फुंकायची पत्ती बदलली, नवी मिळवायला माणगावला स्वतः गेले. खालूबाजातली माणसं संध्याकाळी ओटीवर येऊन बसू लागली.

शिमग्याला पालखी देवळातून निघाली, तेव्हा बाबा पुढे होते. पांढरा सदरा, डोक्याला फेटा. देवळापासून सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी टेकवायच्या जागेपर्यंत, चढ आहे, आणि सनई वाजवत तो चढायचा म्हणजे तरण्याताठ्या माणसाला घाम फुटतो. दीर पनवेलहून आले होते. ते बाबांच्या बाजूनं चालत होते, खिशात पंप घेऊन. मी बायकांच्या घोळक्यात मागे. चढ सुरू झाला आणि माझे स्वतःचे श्वास मला मोजावेसे वाटू लागले. सनई चालू होती. वळणावर ती आवळीच्या झाडामागे गेली, आवाज थोडा दबला, आणि पलीकडे पुन्हा मोकळा झाला. एकदाही तुटली नाही. सहाणेवर पालखी टेकली, लोक नाचायला लागले, ढोलवाल्यांनी लय चढवली, तरी सनई वर वर जातच होती, बाबांचे गाल फुगलेले, डोळे मिटलेले. माझ्या शेजारी सासूबाई पदर तोंडाशी धरून रडत होत्या आणि मधेच ओळखीच्या बायकांना सांगत होत्या, "आमच्या घरातलं हाय ते वाजवनारं."

वाजवणं संपल्यावर बाबा सहाणेच्या कट्ट्यावर बसले. पाणी प्यायले. मी जवळ गेले तेव्हा ते धापा टाकत नव्हते. घाम होता, पण छातीत शिट्टी नव्हती. त्यांनी सनई माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "धर. आता तू वाजवून बघ, दम कुनाचा मोठा हाय ते."

सगळे हसले. मी नाही वाजवली. पण ती माझ्या हातात गरम होती, त्यांच्या श्वासानं ओलसर, आणि त्या गर्दीत मला जेवढं मोठं झाल्यासारखं वाटलं, तेवढं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षीच्या मे महिन्यात मी रोज एक खेळ करायची. भर दुपारी स्टुलावर चढून छताला तळहात लावायची. आधी जिथे हात ठेववत नव्हता, तिथे आता नुसतं कोमट. झरोक्यातून गरम हवा वर निघून जायची, खालच्या खिडकीतून फणसाच्या सावलीतली आत यायची. एसी काढून टाकला नाही. अगदी वारा पडला की थोडा वेळ लावतो, मग खिडक्या उघडतो. विजेचं बिल आलं तेव्हा नवऱ्यानं आधी मीटरकडे जाऊन तो बंद तर पडला नाही ना, हे वाकून पाहिलं.

सुट्टीत दीर आले. जेवून बाबांच्या खोलीत आडवे झाले ते थेट चहाला उठले. म्हणाले, एसी छान चालतोय, आवाजसुद्धा येत नाही. जाऊ म्हणाली, अहो, तो बंद आहे. त्यांनी वर पाहिलं, पंखा हळू फिरत होता. ते उठून गच्चीवर गेले, कौलांखाली वाकून फिरून आले, आणि येताना एकटेच हसत होते.

आता गावात अशा टोप्या घातलेली आणखी चार-पाच घरं आहेत. खिडक्यांच्या जाळ्यांची मापं घ्यायला मला बोलावतात. गेले की मी आधी सगळ्या खोल्यांतून फिरते, कपाटांच्या मागे बघते, काय जळतंय विचारते. कुणाला राग येत नाही. बायकाच मला हाताला धरून आत नेतात आणि म्हणतात, इथं जरा बघ, इथं कोंदट वाटतं.

त्या सुट्टीतून परत जाताना दिरांनी मला पनवेलला यायचं बोलावणं दिलं. त्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, मुलीला सकाळी उठल्यापासून शिंका. म्हणाले, चार दिवस या वहिनी, तुम्ही येऊन एकदा सगळं नीट बघा. सासूबाई भाकऱ्या बांधत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "चार दिवसांत न्हाय व्हायचं. आठवडा तरी ऱ्हा."

मी आठवडा राहिले.